म्होरं सरका

सुभेदार अण्णांनी मला पहिल्या भेटीतच उचललं.

उचललं म्हणजे खरोखरच उचललं. सांगलीहून बदली होऊन कडेगावच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक म्हणून हजर झालो, तो पहिला दिवस. नियंत्रण कक्षाच्या खिडकीबाहेर उभा राहून मी फलाटावरची गर्दी पाहत होतो. मागून कुणीतरी माझ्या कमरेच्या पट्ट्यात दोन्ही हात अडकवले, मला वीतभर वर घेतलं, जरा तोललं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. वळून बघतो तर पन्नाशी ओलांडलेला, खाकी हाफ पँट आणि पांढरी बंडी घातलेला एक काटक माणूस.

"जुंधळ्याचं पाऊण पोतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दिसतोस त्यापरीस जड हायेस. गाडीत बसलास तर डायव्हरच्या मागं बसायचं. मागल्या बाकावर न्हाई. ध्यानात ठीव."

आणि गेला. शेजारचा हमाल हसून म्हणाला, "सायेब, मनावर घेऊ नगा. उलाळ सुभेदार हाय त्यो. समद्यांस्नी उचलतो. परवा फौजदाराला उचललं."

मी मनावर घेतलं नाही, कारण मी त्यांना ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. याआधी मी त्यांना दोनदा पाहिलं होतं. एकदा चौकशीच्या खोलीत, आणि त्याच्या आधी एकदा आभाळात.

पण आधी 'उलाळ' म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं बैलगाडीत ऊस भरताना मागच्या अंगाला भार जास्त झाला, की जू वर उचललं जातं, बैलांचे गळे आवळतात आणि गाडी मागं कलंडते. त्याला गाडी उलाळ झाली म्हणतात. अण्णांच्या मते साऱ्या जगाची गाडीच उलाळ भरलेली होती, आणि ती सरळ करायचं काम सरकारनं त्यांच्यावर सोपवलेलं होतं.

आठवडी बाजारादिवशी ते एसटीच्या मागच्या दारात उभे राहायचे आणि ओरडायचे, "म्होरं सरका! समद्यांनी म्होरं सरका! मागं कोण हाय त्यो? कोंबड्या घिऊन म्होरं ये!" कंडक्टर वैतागायचे. "अण्णा, ही एसटी हाय, इमान न्हाई," असं एकानं म्हटलं, तर अण्णा त्याच्याकडं इतका वेळ बघत राहिले की त्यानं आपणहून दोन म्हाताऱ्यांना उठवून पुढं नेलं.

जमिनीवरून जे जे उचललं जाईल ते ते त्यांच्या अखत्यारीत येई. जत्रेतला आकाशपाळणा त्यांनी बोल्ट हातानं चाचपल्याशिवाय फिरू दिला नाही. पाळणेवाला परगावचा, तो समजला हा तालुक्याचा कुणी अधिकारी, त्यानं चहा पाजला. नागपंचमीला आया-बाया चिंचेच्या फांदीला झोके बांधत. अण्णा फांदीवर चढून आधी स्वतः त्या दोराला लोंबकळून बघत. "आवं अण्णा, तुमीच घ्या की झोका, आमी गाणी म्हनतो!" बायका खिदळत. अण्णा हसत नसत. दोराची गाठ दातानं ओढून आवळत, खाली उतरत आणि पुढच्या झाडाकडं जात.

कळस झाला तो एका वरातीत. घोड्यावर नवरदेव, त्याच्या पाठीशी त्याचा गुटगुटीत करवला. घोडं जरा मागच्या पायांवर दबलेलं दिसलं. अण्णांनी भर पेठेत वरात थांबवली, करवल्याला खाली घेतलं आणि नवरदेवाच्या पुढं बसवलं. त्या लग्नाचे सगळे फोटो मी पाहिलेत. एकातही नवरदेवाचं तोंड दिसत नाही. सगळीकडं करवलाच.

गाव हसे. मलाही हसू येई, पण ते अर्ध्यात थांबे.

अण्णांचं पूर्ण नाव विठोबा जगदाळे. तरुणपणी पलटणीत गेले, तिथून छत्रीधारी सैनिकांत. विमानातून उड्या मारल्या आणि पुढं इतरांनाही उड्या मारायला शिकवलं. पेन्शनीवर गावी आले तेव्हा बायको वारलेली होती. मूलबाळ नव्हतं. रान पुतण्या करत होता. जगदाळेवस्तीवर जोत्याच्या खोलीत अण्णा एकटेच राहायचे.

ही मी कडेगावला यायच्या आधीची गोष्ट. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पीकपाणी बरं आलं म्हणून आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी एक शेतकी प्रदर्शन भरवलं. सांगलीच्या अलीकडच्या एका माळावर, जुन्या धावपट्टीशेजारी. प्रदर्शनात बैल, नांगर, संकरित ज्वारी, हे असतंच. पण समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना काहीतरी अचाट पाहिजे होतं. त्यांनी बाहेरच्या एका फ्लाइंग क्लबचं छोटं, एका पंख्याचं विमान आणवलं आणि जाहीर केलं की आपल्या मातीतले माजी सैनिक आभाळातून उड्या मारणार. प्रमुख, सुभेदार जगदाळे. हे सगळं चांगलं पार पडलं तर पोरांना उडी शिकवणारा क्लब काढायचा आणि तो अण्णांच्या हवाली करायचा, असाही शब्द दिलेला होता.

मी तेव्हा सांगली आगारात होतो. जादा गाड्यांची जबाबदारी माझ्याकडं, म्हणून मी माळावर. माणूस किती लोटलं होतं म्हणून सांगू! धनगरवाड्यांपासून माधवनगरच्या गिरणीकामगारांपर्यंत सगळे मान वर करून उभे. विमान दोन घिरट्या घालून आमच्या डोक्यावर आलं. फार उंच नव्हतं, दारातली माणसंसुद्धा दिसत होती.

मग विमानानं नाक वर केलं. बैल बुजून उभा राहावा तसं ते हवेत उभं राहिलं. आवाज बदलला. एक पंख खाली गेला आणि ते स्वतःभोवती फिरत खाली यायला लागलं. त्यातून माणसं बाहेर पडली. एक, मग दोन, मग आणखी. एकेक पांढरी छत्री उमलली. पाच छत्र्या. लोकांना वाटलं हाच खेळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले.

विमान खाली येत राहिलं. अगदी शेवटी फिरायचं थांबलं, नाक जरा वर उचलल्यासारखं वाटलं, आणि ते माझ्या गाड्यांच्या पलीकडं, ज्वारी काढलेल्या रानात गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. धूर वर आला तेव्हा टाळ्या एकेक करून थांबल्या.

पाच छत्र्या अजून हवेतच होत्या. त्यांतल्या एकीखाली अण्णा होते. त्यांना वरून सगळं दिसत होतं, टाळ्याही ऐकू येत होत्या. हे मला नंतर कळलं.

विमानात सहावा होता तो वैमानिक. डॅनियल शिरसाठ, मिरजेचा. त्याची आई तिथं नर्स होती. बाप लहानपणीच गेलेला. तिनं एकटीनं वाढवलेला, हसरा, किडकिडीत पोरगा. त्याच्याजवळ छत्री नव्हती.

चौकशी सांगलीच्या विश्रामगृहात झाली. मुंबईहून एक अधिकारी आले होते. शांत, दाक्षिणात्य, तोडकंमोडकं हिंदी बोलणारे. आम्ही साक्षीदार व्हरांड्यात बाकावर. समोर लिंबाखाली आप्पासाहेबांनी अण्णांना बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज सभेचा, तो काही बाजूला जात नाही.

"सुभेदार, कशापायी वाढवताय? पोरगं नवखं व्हतं. मस्ती केली, इमान उभं चढवलं, पडलं. इषय संपला. गेलेल्या मानसाला काय फाशी देत्यात व्हय? आन् तुमचा क्लब व्हायचाय अजून."

बाकाच्या टोकाला पांढरं लुगडं नेसलेली एक बाई मांडीवर पिशवी धरून बसली होती. ती डॅनियलची आई, हे आप्पासाहेबांना ठाऊक नव्हतं.

मग आम्हा सगळ्यांना आत खोलीत बसवलं. आधी बापू फोटोवाल्याला बोलावलं. हा माधवनगरचा, पाय प्लास्टरमध्ये. आप्पासाहेबांना 'तालुक्याचा पहिला हवाई फोटो' पाहिजे होता म्हणून याला ऐनवेळी विमानात चढवलं होतं. साहेबांनी विचारलं, काय पाहिलं? बापू म्हणाला, "साहेब, मी विमानात बसल्यापासून डोळे उघडलेच नाहीत." फोटो? "एकही नाही." खोलीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मग अण्णा. सावधानमध्ये उभे राहिले. साहेबांनी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत.

"पोराची काय चूक न्हाई," अण्णांनी सुरुवातच तिथनं केली. "चूक माझी हाय. म्या सांगतो, तुमी ल्ह्या."

मग त्यांनी सांगितलं. विमानात वैमानिक धरून पाचच माणसं न्यायची, असा नियम. बापू सहावा झाला. डॅनियल म्हणाला, 'अण्णा, एक जास्त होतोय.' अण्णा म्हणाले, 'आरं, पलटणीच्या डाकोटा इमानातनं वीस-वीस गडी घिऊन गेलोय म्या. ह्यो एक फोटोवाला काय जड हाय?' पोरगा वडीलधाऱ्यापुढं गप्प बसला. विमानात जितकी माणसं तितक्या छत्र्या, हाही नियम. बापूला छत्री नव्हती. तेव्हा डॅनियलनं आपल्या अंगावरची काढून दिली. 'मी कुठं उतरणाराय मधेच? मी तर गाडीवान,' म्हणाला.

"बापूच्या अंगाव त्ये पट्टं म्या माझ्या हातानं आवळलं," अण्णा म्हणाले.

वर गेल्यावर आप्पासाहेबांची फर्माईश होती, सगळ्या छत्र्या एकदम फुलल्या पाहिजेत, झुपक्यासारख्या. आणि लोकांना माणसं दिसली पाहिजेत, म्हणून उंची कमी. अण्णांनी सगळ्यांना एकदम दारापाशी बोलावलं. दार मागं, शेपटाकडं.

"डाकोट्यात समदे दारात हुबं ऱ्हायले तरी त्याला कळत न्हाई. त्ये जनावर मोठं. आन् ही चिमणी. माझ्या डोक्यातच आलं न्हाई. पोरगं वरडलं, 'अण्णा, पुढं या! सगळे पुढं सरका!' म्या म्हनलं, 'थांब रं, झालंच.' त्यानं आनखी एकदा हाक मारली. आन् गाडी उलाळ झाली."

साहेबांना शब्द कळला नाही. त्यांच्या कारकुनानं समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली.

"फिर?"

"दोघं गेले. तिसऱ्याला ढकलला. बापूला ढकलला, त्याच्या छत्रीची कडी म्याच वढली. मागं बघितलं. पोरगं दांड्याशी झटत व्हतं. त्यानं मागं बघितलं न्हाई. माझ्या अंगाव एकच छत्री व्हती, सायेब." इथं ते थांबले. सावधान सुटलं नाही, फक्त उजव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर चोळत राहिली. "मग म्या उडी मारली."

साहेब म्हणाले, पोरानं शेवटी विमान जवळजवळ सावरलं होतं. अजून थोडी उंची असती तर जगला असता. हे बोलून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं, स्वतःसाठी नाही, अण्णांसाठी.

निष्कर्षात डॅनियलवर डाग आला नाही. क्लब व्हायचा तो झाला नाही. आप्पासाहेबांनी पुढच्या सभेत सांगितलं की सुभेदारांनी तालुक्याचं नाक कापलं. आणि अण्णा त्यानंतर माणसं उचलून तोलायला लागले.

मी कडेगावला येऊन वर्ष होत आलं असेल. एके सकाळी सांगलीच्या गाडीतून ती बाई उतरली. तेच पांढरं लुगडं, तीच पिशवी. सरळ माझ्या खिडकीशी आली.

"सुभेदार जगदाळे कुठं राहतात?"

मी काम दुसऱ्याकडं सोपवून तिला घेऊन निघालो. वस्तीवर पोचलो तर खोलीचं दार सताड उघडं, चुलीवर चहा उकळतोय आणि अण्णा नाहीत. पुतण्या उसाकडं बोट दाखवून डोळ्यांनीच म्हणाला, आत. त्यांनी तिला बांधावरून येताना पाहिलं होतं. लढाईतून आलेला माणूस एका नर्सला बघून उसात पळाला होता.

मी उसात शिरलो. "अण्णा, बाहेर या."

"ती कशाला आलीया?" आतून आवाज आला.

"मला काय माहीत?"

"तिला सांग, म्या परगावी गेलोय."

"अण्णा, तुमचा चहा उतू गेला. तिनं उतरवून ठेवला."

पानं सळसळली. मग ते बाहेर आले. उसाच्या पात्यांनी तोंडावर बारीक ओरखडे उठले होते. बाईनं ते पाहिलं, पिशवीतून स्वच्छ फडकं काढलं, तांब्यातलं पाणी घेतलं आणि त्यांचा चेहरा पुसायला लागली. नर्सच्या कामाची सवय असावी. अण्णा लहान पोरासारखे डोळे मिटून उभे राहिले.

"त्या दिवशी तुम्ही बोललात आणि मागच्या दारानं निघून गेलात," ती म्हणाली. "मी पुढच्या दारात संध्याकाळपर्यंत थांबले होते. मला ती जागा बघायचीय. कुणी दाखवत नाही. तुम्ही चला."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "कंट्रोलर, तू बी चल. मला एकट्याला बोलाया यायचं न्हाई."

रविवारी आम्ही तिघं गेलो. माळावर प्रदर्शनाची खूणही उरली नव्हती. रानात पुन्हा ज्वारी होती, गुडघ्याएवढी. अण्णांनी बांधावरून जागा दाखवली. तिथं पिकात काहीही वेगळं नव्हतं. ती बांधावर बसली. अण्णा तिच्यापासून जरा लांब, टाचांवर.

"लोक म्हणतात, गर्दीवर पडू नये म्हणून त्यानं विमान इकडं वळवलं. खरं?"

अण्णांनी जमिनीवरचं ढेकूळ उचलून हातात चुरलं. "मला ठावं न्हाई, बाई. मी तवा छत्रीखाली व्हतो. वळवलं आसंल, न्हाई तर आसंच आलं आसंल. खोटं सांगू का?"

"नको."

"पैल्यांदा त्याच्यापाशी एक धनगर पोचला. म्या पळत आलो तवर त्यानं आपलं घोंगडं काढून त्याच्या अंगाव घातलं व्हतं."

तिनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाली, "त्या सकाळी कसा होता तो? मी ड्यूटीवर होते. तो गेला तेव्हा भेट झाली नाही."

"शेंगा खात व्हता," अण्णा म्हणाले. "भाजल्याल्या. मला बी दिल्या. आन् टरफलं समदी खिशात घालत व्हता. म्हनला, अण्णा, खाली टाकली तर पंख्यात जातील."

बाई एकदम हसली. तोंडावर हात धरून हसली, आणि हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. "घरी कधी उचलली नाहीत हो. घरभर टरफलं. मी झाडून झाडून..."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचाही चेहरा मोडला. इतके दिवस धरून ठेवलेला माणूस त्या ज्वारीच्या बांधावर हुंदके देऊन रडला, आणि त्या बाईनंच त्यांच्या पाठीवर थोपटलं. मी ज्वारीकडं तोंड करून उभा राहिलो.

मिरजेच्या गाडीत बसताना ती म्हणाली, "सुभेदार, घरी मी एकटी असते. नाताळला दारात कंदील डॅनियल लावायचा. शिडीवर चढायला आता कुणी नाही. आलात तर बरं होईल."

अण्णांनी तिची पिशवी डायव्हरच्या मागच्या बाकावर ठेवली.

नाताळच्या आदल्या दिवशी अण्णा स्टँडवर आले. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात इस्त्रीचा कोट, काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. मी विचारलं, काय बांधलंय? म्हणाले, "गुळाची ढेप. लहानच हाय. पुतण्यानं परवा गुऱ्हाळ लावलं व्हतं."

गाडी लागली. अण्णा पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मागं माणसं खोळंबली, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. अण्णा वळून माझ्या खिडकीपाशी आले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

"कंट्रोलर, त्यांच्यात गूळ चालतो का रं?"

"चालतो, अण्णा."

"नक्की?"

मला काय ठाऊक असणार? पण मी म्हटलं, "नक्की."

त्यांनी मान हलवली, फडक्याची गाठ सुटत तर नाही ना ते बघितलं आणि ढेप दोन्ही हातांनी छातीशी धरून गाडीत चढले.